मॅडम घरात बसत्यात

छताचा परातीएवढा पोपडा दिनकर गावडेंच्या खुर्चीवर पडला, तेव्हा ते खाली चहाला गेले होते. सरकारी माणसानं कामाच्या वेळेत चहाला जावं की नाही, यावर लोक पुष्कळ बोलतात. त्या दिवसापासून मी त्या वादात पडत नाही.

आमचं हपिस कोल्हापुरातलं, एका जुन्या दगडी इमारतीच्या वरच्या मजल्यावर. खात्याचं नाव लिहीत नाही, काम मात्र सांगते. शेतकऱ्याला नदीचं पाणी मोटरीनं उचलायचं तर सरकारची परवानगी लागते. ती द्यायची, मुदत संपली की वाढवायची, बाप गेला की मुलाच्या नावावर करायची आणि दोन भावांचं फाटलं की दोघांचंही ऐकून घ्यायचं, हे आमच्या शाखेचं काम. अर्ज आला की कारकून त्यावर टिपणी लिहितो. टिपणी म्हणजे अख्खा अर्ज न वाचता साहेबांना त्यातलं कळावं म्हणून लिहिलेला मजकूर. ती माझ्याकडं यायची. मी शाखेची अधीक्षक. चुका काढायच्या, खाली 'सादर' लिहायचं आणि वर पाठवायचं. साहेब एकतर 'मान्य' लिहितात, नाहीतर 'चर्चा करावी' लिहितात. 'चर्चा करावी' याचा अर्थ असा, की साहेबांना काहीतरी खटकलंय, पण ते कागदावर आणायचं नाही. तुम्ही समोर या.

एवढं कळलं की आमचं निम्मं खातं कळलं. उरलेलं निम्मं आमच्यातही कुणाला कळलेलं नाही.

तर छत पडलं. बांधकामवाले आले, बोटानं टकटक करून बघितलं आणि म्हणाले, अख्खं उतरवायला लागंल. साथीच्या काळात फायली संगणकावर आल्याच होत्या. साहेब नवे, तरुण, हुशार. त्यांनी ठरवलं की दुरुस्ती होईपर्यंत वरच्या मजल्यावरच्या सगळ्या शाखांनी घरून काम करावं. गावडेंचं गाव चंदगड तालुक्यात. ते त्याच दुपारच्या एसटीनं गावी गेले. मी राजारामपुरीतल्या माझ्या घरी आले आणि मधल्या खोलीत, धान्याच्या पिंपाशेजारी टेबल मांडलं. हपिसात मागं राहिले फक्त रंगराव. रंगराव आमचे शिपाई. बोळात हलवलेली कपाटं सांभाळायची आणि येईल त्याला सांगायचं की शाखा बंद नाही, फक्त इथं नाही.

पहिले दिवस मजेत गेले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी ऊन ऊन भाकरी खाऊन कामाला बसले. फायली भराभर हलायला लागल्या. हपिसात एका टिपणीमागं तीन माणसं डोकावून जातात, दोन नमस्कार होतात आणि एकाच्या मुलीचं लग्न ठरतं. घरी तसं काही नव्हतं. घरी माझ्या सासूबाई होत्या.

आम्ही त्यांना आत्ती म्हणतो. वय झालेलं, आवाज मात्र पंचगंगेच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा. सून घरात बसून काम करते ही गोष्ट त्यांना पटायला वेळ लागला. शेजारणीला त्या सांगायच्या, "तसं काय न्हाय, काढून टाकल्याली न्हाय. बसूनच पगार देत्यात." उन्हाळा होता, चटणीचे दिवस. एकदा साहेबांबरोबर पडद्यावर बैठक चालू होती आणि मागं स्वयंपाकघरात आत्तींनी कढईत मिरच्या टाकल्या. त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी खिडकी तरी उघडली असती. मला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तोंडातून शब्द नाही. साहेबांचा चेहरा उतरला. साथ जाऊन फार काळ झाला नव्हता. "मॅडम, तुम्ही आधी तपासणी करून घ्या, बाकी फायली नंतर," असं म्हणून त्यांनी बैठकच संपवली. पुढं मी त्यांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग चटणी झाली का?" त्या दिवशी मला हा माणूस आवडला.

गावडेंची तऱ्हा वेगळी. त्यांचं गाव डोंगरात, तिथं मोबाईलला रेंज नाही. मग ते रोज चंदगडच्या एसटी स्टँडवर यायचे, कारण तिथल्या एका कोपऱ्यात रेंज पकडायची. शर्ट इन केलेला, चष्मा, मांडीवर लॅपटॉप. लोकांना वाटलं, एसटीनं नवीन कंट्रोलर नेमलाय. एकदा ते साहेबांना बैठकीत एका वादग्रस्त अर्जाची माहिती देत होते. "सर, या प्रकरणात दोन्ही भावांचा जबाब घेतला असून," एवढं बोलले आणि मागून कुणीतरी विचारलं, "सायब, बेळगाव गाडी गेली काय?" गावडे मुळात नम्र माणूस. त्यांनी मान वळवून सांगितलं, "आत्ताच गेली. पुढची अर्ध्या तासानं." आणि परत आमच्याकडं वळून म्हणाले, "धाकट्या भावाचा आक्षेप आहे, सर." साहेब हसू आवरत म्हणाले, "गावडे, तुम्हाला गाड्यांच्या वेळा कशा माहीत?" ते म्हणाले, "रोज विचारतात, सर. माहीत नाही म्हणायला बरं वाटत नाही. म्हणून पाठ केल्या."

आता माझ्या दारातलं सांगते.

एका सकाळी फाटक वाजलं. कोडोलीचे सर्जेराव म्हणून एक शेतकरी. धोतर, टोपी, बगलेत पिशवी. मी त्यांना ओळखत होते. वडिलांच्या नावावरची परवानगी आपल्या नावावर करून मिळावी म्हणून ते हपिसात माझ्या टेबलापुढं उभे राहून गेले होते. मी चकित झाले. "तुम्ही हितं कसे?"

"शिपायानं सांगितलं की," ते म्हणाले. "म्हणाला, मॅडम घरात बसत्यात. बागेपासनं वळा, दवाखाना सोडा, निळं फाटक. रिक्षावाल्याला मी 'पाण्याचं हपिस' म्हटलं, तर त्येनं बरोबर आणून सोडलं. म्हणजे आदी बी कोणतरी आलतं बघा."

मी रंगरावांना फोन लावला. ते निर्मळ मनानं म्हणाले, "मॅडम, माणूस लांबनं आल्यालं. परत जा म्हणायचं जिवावर येतंय. तुमी हाईसाच की घरात."

मी सर्जेरावांना सांगितलं की असं घरी यायचं नसतं, आणि तेवढ्यात आत्तींनी त्यांना आतल्या तांब्यातलं पाणी दिलं, खुर्ची दिली आणि विचारलं, "गाव कंचं म्हणायचं पावण्यांचं?" संपलं. कोल्हापुरात हा प्रश्न विचारला की माणूस उठत नाही. कोडोलीत आत्तींच्या माहेरची कुणीतरी दिलेली निघाली. च्या झाला. मी आत जाऊन सर्जेरावांची फाईल उघडली. भावाची संमती लागत होती, ते सांगितलं. ते समाधानानं गेले. आणि गावात जाऊन त्यांनी सगळ्यांना सांगितलं.

मग आठवड्याभरात माझ्या व्हरांड्याचं हपिस झालं. वारणेकाठचे आले, शिरोळकडचे आले, चंदगडहून तर लोक पहाटेची गाडी धरून यायचे, आणि ही गाडी किती वाजता सुटते ते त्यांना गावडेंनी सांगितलेलं असायचं. मी रंगरावांवर रागावले, फाटकावर कागद चिकटवला, साहेबांनाही सांगितलं. साहेब म्हणाले, हपिसात एक खिडकी लवकरच सुरू करू. सरकारी 'लवकरच' आणि आत्तींचा च्या, यांत आत्तींचा च्या आधी उकळला. त्यांनी व्हरांड्यात सतरंजी टाकली, खुर्च्या मांडल्या, आणि कामाची अशी काही वाटणी केली की मी तेहतीस वर्षांत तशी शाखा चालवली नव्हती. "अर्ज हाय काय? त्येची झेरॉक्स हाय काय? न्हाय? मग कोपऱ्यावर जावा, करून आणा, तवर तुमचा नंबर कुठं पळून जात न्हाय." आत येणाऱ्याच्या हातात कागद पुरे असायचे. माझं काम निम्मं झालं.

एकच गोष्ट मला खात होती. माणूस घरी येतो तेव्हा रिकाम्या हातानं येत नाही. हपिसात कुणी काही आणलं तर आम्ही तिथंच परत करायचो. चार माणसं बघायची, प्रश्न मिटायचा. घरी तसं होत नाही. चंदगडच्या एका म्हाताऱ्यानं काजूची पिशवी व्हरांड्यात ठेवली. मी म्हटलं, "हे चालत नाही. घेऊन जा." तो म्हणाला, "तवढ्या लांब परत न्यायचं व्हय? घरचं हाईत, इकत घेतल्यालं न्हाईत." माझा आवाज चढला. त्याचा चेहरा पडला. तेव्हा आत्तींनी पिशवी उचलली, तोंड सोडलं आणि ताटात ओतली. "बरोबर हाय तिचं. तिला चालत न्हाय. पर हितं बसल्यात त्येंला चालतंय." आणि ताट सतरंजीवर फिरलं. पहिली मूठ त्या म्हाताऱ्यालाच दिली. जाताना त्याच्या हातात रिकामी पिशवी घडी घालून.

तोच नियम झाला. कुणी केळी आणो, शेंगा आणो, गूळ आणो, ते रांगेतल्यांनी खायचं. आम्ही कांबळे. फाटकावरच्या पाटीवरचं आडनाव वाचून एखादा च्या नको म्हणायचा. आत्तींना ते लगेच कळायचं. त्या दुसऱ्यांदा विचारायच्या नाहीत, काजूचं ताट मात्र पुढं करायच्या. काजू कुणी नको म्हटले नाहीत.

आमच्या शेजारी निवृत्त मास्तर राहायचे. एका संध्याकाळी ते कुंपणापाशी आले आणि सरळ म्हणाले, "सुनंदाबाई, मी आज तुमच्या साहेबांना भेटून आलो. माणसं पिशव्या भरून आणतात आणि रिकाम्या घेऊन जातात. मी जे बघितलं ते सांगितलं. मागून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं."

निवृत्तीला वर्षसुद्धा उरलं नव्हतं. आमच्यात निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली की माणूस निवृत्त होतो, पण सुटत नाही. त्याहून वाईट म्हणजे, मास्तरांनी सांगितलं त्यातलं अक्षरन् अक्षर खरं होतं. पिशव्या भरून येत होत्या. रिकाम्या जात होत्या. मधलं ताट कुंपणावरून दिसत नव्हतं. मी आत्तींना म्हटलं, "बघा, तुमच्या पाहुणचारानं माझी नोकरी जायची."

त्या भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "खाल्लं कुणी? ज्येनं खाल्लं त्येला इचारा म्हणावं."

दोन दिवस साहेबांचा फोन नाही. फाईलवर शेरा नाही. मला तर प्रत्येक फायलीवर 'चर्चा करावी' दिसायला लागलं. तिसऱ्या दिवशी नेहमीसारखी मधल्या खोलीत बसले होते. व्हरांड्यात गर्दीचा आवाज होता. आत्ती कुणाला तरी म्हणत होत्या, "तुमी कुटलं? जयसिंगपूर? आजोळ म्हणा की. मग आमच्याच अंगणातलं निघालासा. बसा. खावा, लाजू नगा. कागद कुठं हाईत?" तो माणूस काहीतरी पुटपुटला. "कागद न्हाईत तर काम कसं हुईल? बाहीर झेरॉक्सचं दुकान हाय, जावा." थोड्या वेळानं परत आत्तींचा आवाज: "आता कसं. बसा, तुमच्या म्होरं चौघं हाईत."

मी एकामागून एक माणसं आत घेत होते. त्या जयसिंगपूरवाल्याचा नंबर आला, पडदा बाजूला झाला आणि साहेब आत आले.

अंगात साधा टी-शर्ट, एका हातात कसल्यातरी कागदाची झेरॉक्स, दुसऱ्या हातात काजू. मी ताडकन उठले, हेडफोनची वायर टेबलात अडकली, पाण्याचा पेला पडला. ते म्हणाले, "बसा, मॅडम. माझा नंबर आहे."

"सर, तुम्ही सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर मला झेरॉक्सला कुणी पाठवलं नसतं. माझ्याकडं कागदच नव्हता. शेवटी गाडीच्या लायसन्सची काढून आणली. आजींनी तपासून घेतली आणि म्हणाल्या, 'ठीक हाय.'"

मला हसायला यायला लागलं आणि त्याच वेळी रडायलाही. मी म्हटलं, "सर, तक्रार..."

"तक्रार खरी आहे," ते म्हणाले. त्यांनी हातातल्या काजूंकडं बघितलं. मला वाटतं, त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. "पिशवी भरून आली, मी डोळ्यांनी बघितली. रिकामी गेली, तीही बघितली. आणि मधला माल, मॅडम, मी खाल्लाय. अर्ध्या तासात दोन मुठी. या चौकशीत मी साहेब राहिलेलो नाही, साक्षीदार झालोय."

मग आम्ही दोघंही हसलो. इतकं, की पडद्याबाहेरून आत्ती ओरडल्या, "आत काम चाललंय का न्हाय?" साहेब उठून उभे राहिले.

जाताना मात्र ते गंभीर झाले. म्हणाले, "मी बाहेर बसून ऐकलं. एक जण म्हणाला, हितं बसायला मिळतंय, हपिसात उभं राहून पाय दुखायचे. मला लाज वाटली. आणि एक बाई म्हणाली, परक्याच्या घरात काम घेऊन जायचं म्हणजे उपकार मागितल्यासारखं वाटतंय. तेही खरं आहे. सरकारी काम मागायला कुणाच्या घराची पायरी चढायला लागू नये, पायरी कितीही चांगली असली तरी." त्यांनी मास्तरांनाही बोलावून घेतलं. मास्तर आले, काजू बघितले, ताट बघितलं. मग म्हणाले, "माझं कुणाशी वैर नाही. माझं फाटक तेवढं उघडत नाही, सगळ्या मोटारसायकली तिथंच लावतात." त्याच दिवशी साहेबांनी रंगरावांना सक्त सांगितलं, घराचा पत्ता कुणालाही द्यायचा नाही. रंगराव म्हणाले, "न्हाय देत. पर आता रिक्षावाल्यांनाच पाठ झालाय."

छत झालं. नव्या रंगाचा वास असतानाच साहेबांनी सगळ्यांना सभागृहात बोलावलं. घरून काम पुढं चालू ठेवायचं की सगळ्यांनी परत यायचं, हे त्यांना वरती कळवायचं होतं. "तुम्ही बोला," ते म्हणाले. "हजेरीच्या भीतीनं नको. जे वाटतं ते."

मग रंगराव उभे राहिले. एरवी ते चहाचा ट्रे घेऊन आत यायचे. बोलायला म्हणून त्या खोलीत ते पहिल्यांदा उभे होते.

"साहेब, मॅडम घरात, गावडेसाहेब चंदगडात, आन मी कपाटांजवळ. माणसं येत्यात ती माझ्याकडं. इचारत्यात, मॅडम कुठं? घरात. आजारी हाईत? न्हाय. रजेवर? न्हाय. मग घरात काय करत्यात? मी म्हणतो, काम. तवा माणूस असं काय हसतंय, साहेब, की तुमा सगळ्यांच्या वतीनं मीच खाली बघतो. मला म्हायती हाय, मॅडम काम करत्यात. पर लोकास्नी दिसाय पायजे."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या शाखेतले लोक घरून कामाच्या बाजूनं उठले. कुणी पेट्रोल वाचतं म्हणालं, कुणी पार्किंगचं भांडण संपलं म्हणालं. एक जण म्हणाला, घरी बायकोला कळलं की आपण खरंच काम करतो, हा मोठा फायदा. चर्चा रंगली. अशात सभागृहाचं दार ढकलून सर्जेराव आत आले. त्यांना वाटलं, त्यांच्या प्रकरणाची सुनावणी आहे. कुणीतरी त्यांना बाहेर काढायला निघालं, तर साहेब म्हणाले, "राहू द्या. पावणं, आमचं असं असं चाललंय. तुम्हाला काय वाटतं?"

सर्जेरावांनी टोपी नीट केली. "तुमी कुठं बसायचं ते तुमचं तुमी बगा," ते म्हणाले. "मी कुठं जायाचं तेवढं एकदा सांगा. हपिसात गेलतो तर घर दावलं. घरात गेलतो तर हपिस दावत्यात. कोडोलीसनं यायाचं म्हंजे दिस जातोय."

सगळे हसले, सर्जेरावही. पण त्यांचा प्रश्न कुणी सोडवला नाही. पार्किंगवरच वाद पुन्हा सुरू झाला. शेवटी साहेबांनी गावडेंना बोलायला लावलं. गावडे सकाळच्या गाडीनं आले होते. बोलायची सवय नसलेला माणूस. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

"माझ्या आईला दिसत नाही," ते म्हणाले. "ती मला चेहऱ्यावरून हात फिरवून ओळखते. नोकरी लागल्यापासून मी हितं खोली घेऊन राहिलो. आई महिन्यातून दोनदा मला ओळखायची. छत पडल्यापासून रोज ओळखती. परत यायचा हुकूम झाला तर मी येणार नाही, सर. राजीनामा लिहून आणलाय. धमकी म्हणून नाही. मला एवढंच सांगायचं होतं."

मी त्या माणसाबरोबर कितीतरी वर्षं एका टेबलाच्या अंतरावर बसले होते. त्याची आई आहे हे मला माहीत होतं. तिला दिसत नाही हे नव्हतं. हपिसात आम्ही रोज भेटायचो, आणि ही गोष्ट मला तो घरी गेल्यावर कळत होती. एकत्र बसण्याच्या बाजूनं बोलायला मी जे काही ठरवून आले होते, त्यातलं निम्मं तिथंच गळून पडलं.

रंगराव परत उभे राहिले. "मग ह्येंला ऱ्हाऊ द्या की चंदगडात," ते म्हणाले. "कोण न्हाय म्हणतंय? मॅडमला तेवढं परत आणा."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सर, घरी माझं काम जास्त झालं, हे खरं आहे. पण घरी मला दार लावता येत नव्हतं. हपिसाला दार असतं, ते ठरल्या वेळी उघडतं आणि ठरल्या वेळी बंद होतं. मला परत यायचंय. फक्त माझ्या टेबलापुढं खुर्च्या द्या. लोकांना बसवून काम करायची सवय लागलीय, आता मला उभ्या माणसाशी बोलता येणार नाही."

निर्णय व्हायला त्यानंतर काही आठवडे गेले, आणि मधे चर्चा करावी, चर्चा करावी असं बरंच झालं. पण झाला. चंदगडला आमच्या खात्याची एक बंद खोली होती, ती उघडली. गावडे तिथं बसायला लागले, आणि त्या बाजूच्या लोकांना अर्ज घेऊन कोल्हापूरपर्यंत यायची गरज उरली नाही. तिकडची खोली पावसात गळते, पण गावडेंची तक्रार नाही. त्यांचा राजीनामा साहेबांनी टेबलावरून उचलून त्यांच्याच खिशात परत घातला. इतरांना टिपणीचं काम पाळीपाळीनं घरून करायला मिळालं. लोकांना भेटायचं ते मात्र हपिसातच, आणि ते टेबल कधी रिकामं ठेवायचं नाही. खुर्च्या आल्या. प्लॅस्टिकच्या, निळ्या. बसल्यावर एक पाय किंचित आत जायचा, पण लोक बसले.

परत गेले त्या दिवशी मला कॉलेजात निघाल्यासारखं वाटत होतं. नवी साडी, खांद्याला पिशवी. जिन्यात मी ज्यांच्याशी कधी बोलत नव्हते अशा माणसांनासुद्धा हसून विचारलं, काय चाललंय. रंगरावांनी माझी खुर्ची पुसून ठेवली होती आणि कपाटांना सांगितल्यासारखं म्हणाले, "आल्या बघा."

घरी मात्र व्हरांडा ओकाबोका झाला. आत्ती सकाळी सतरंजी झटकायच्या, परत घडी घालायच्या. मास्तरांचं फाटक आता सताड उघडायचं. ते अधूनमधून येऊन बसायचे आणि दोघं मिळून च्या घ्यायचे.

अशात सर्जेरावांचा आदेश निघाला. भावाची संमती मिळाली होती, परवानगी त्यांच्या नावावर झाली होती. मी त्यांना फोन करून सांगितलं, घेऊन जा. दुसऱ्या दिवशी ते आले ते थेट माझ्या घरी. सवयीनं.

मी हपिसात टेबलाशी होते. जिन्यात तो आवाज आला, जो नदीच्या पलीकडं जाईल, आणि मी मान वर केली. सर्जेराव पुढं, मागं आत्ती. डोक्यावर पदर, हातात सर्जेरावांची पिशवी. आत्तींनी माझं हपिस त्याआधी एकदाही पाहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत कधी कारणच पडलं नव्हतं. लग्न होऊन मी त्यांच्या घरी आले तेव्हा मला नोकरी नव्हती, आणि लागली तेव्हा रोज सकाळी मी कुठं जाते हे त्यांना नुसतं ऐकून ठाऊक होतं. जिना चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी खोलीभर बघितलं. टेबलं, संगणक, पंखे, माझ्यापुढं बसलेली चार माणसं, माझ्या नावाची पाटी. पाटी वाचता येत नव्हती, पण ती कुणाची आहे हे त्यांना कळलं.

घरात त्या मला 'अगं' म्हणतात, रागावल्या की 'सुनंदे'. टेबलासमोर येऊन त्या उभ्या राहिल्या, सर्जेरावांना पुढं केलं आणि म्हणाल्या, "मॅडम, ह्येंचं तेवढं बगा."

मला उठावं की बसून राहावं, कळेना. "बसा, आत्ती," मी म्हटलं.

"मी बसतो. तुमी तुमचं काम करा," आत्ती म्हणाल्या.

त्या निळ्या खुर्चीत बसल्या. आदेशाची प्रत देताना अधीक्षकाची सही लागते. मी सही केली. सर्जेरावांनी कागद कपाळाला लावला, आत्तींना हात जोडले आणि निघाले. आत्ती निघाल्या नाहीत. रंगरावांनी त्यांना चहा आणून दिला, तो त्यांनी घेतला. कसा आहे ते सांगितलं नाही, म्हणजे बरा नसावा. जेवणाची सुट्टी होईपर्यंत त्या तिथंच बसून होत्या. माणूस यायचा, बोलायचा, मी लिहायची. प्रत्येक सहीला त्यांची मान जराशी हलायची.

त्या सकाळी ज्यांचे कागद माझ्या टेबलावरून गेले, त्यांनी ते आजही काढून बघावेत. माझी सही त्यांवर जरा ऐसपैसच सापडेल.